कपाची जागा

खोका रिकामा आला, असं ती बाई सकाळी फोनवर म्हणाली आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. रिकामा म्हणजे काय? एकतीस वर्षं मी काचेच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरून पाठवल्या, हाताखाली चाळीस माणसं होती, आणि निवृत्त झाल्यापासून गेली सहा वर्षं मुलीने केलेले मातीचे कप बांधतोय. माझ्या खोक्यातला कप फुटला असं कुणी म्हटलं तर एक वेळ ऐकून घेईन, रस्ते कसे आहेत ते मलाही ठाऊक आहे. पण रिकामा? "बाई, नीट बघा," मी म्हटलं, "कागदात असेल. मी कागद भरपूर घालतो." "सगळा कागद काढला हो काका," ती म्हणाली. आवाज शांत, वर्गात शिकवायची सवय असलेल्या माणसाचा असतो तसा. "कप नाहीये. कसं सांगू तुम्हाला, कपाची जागा आहे. कप नाही." मग मी काय काय बोललो ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. कुरिअरवाल्याला धरा म्हटलं, घरातल्यांना विचारा म्हटलं, आणि थोडक्यात सांगायचं तर तिलाच चोर ठरवायचं तेवढं बाकी ठेवलं. ही, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. एरवी माझा आवाज चढला की "हळू, जिन्यात ऐकू जातंय" म्हणते. आज मात्र ओले हात पदराला पुसत नुसती ऐकत राहिली, आणि मी फोन ठेवल्यावर "चहा टाकू का?" एवढंच विचारलं.

नको म्हटलं. तेवढ्यात त्या बाईने पाठवलेले फोटो आले. चष्मा शोधला, खिडकीशी गेलो. पहिला फोटो वरून काढलेला. खोका उघडा, आत माझं घरटं. घरटं हा शब्द बारकीचा. बारकी म्हणजे आमची मुलगी, लहानपणापासून काडीसारखी, म्हणून बारकी. चौतिसाव्या वर्षीही बारकीच. कप बांधायची माझी पद्धत ठरलेली आहे. आधी कागदाचा बोळा करून कपाचं पोट भरायचं, म्हणजे बाहेरून दाब आला तरी भिंत आत दबत नाही. मग कानाभोवती कागदाची पट्टी गुंडाळायची. कप फुटतो तो बहुतेक वेळा कानाशीच. "बाबा, त्याच्या कानाला मफलर बांधा हं, थंडी वाजेल," असं ती चाकावर बसल्या बसल्या ओरडायची. मग अख्खा कप गुंडाळून घरट्यात बसवायचा, कान उजवीकडे, त्याच्यासाठी बाजूला वेगळी खोबण. फोटोत ती खोबण होती. गोल खड्डा होता, बोटांनी दाबून दाबून केलेला, माझ्याच बोटांनी. दुसऱ्या फोटोत बाहेरची टेप होती. टेपचं शेवटचं टोक मी आत दुमडून जीभ करतो, म्हणजे उघडणाऱ्याला सुरी लागत नाही, जीभ ओढली की झालं. ती जीभ जशीच्या तशी होती, मग नीट ओढलेली. वाटेत कुणी उघडून पुन्हा चिकटवलेला खोका मला शंभर पावलांवरून कळेल. हा कुणी उघडलेला नव्हता. म्हणजे तो आमच्या घरातूनच रिकामा गेला होता आणि मीच तो बंद केला होता.

तोंडात मारल्यासारखं झालं मला. खुर्चीत बसलो. कारखान्यात एक नियम होता माझा, खोका बोलता कामा नये. बंद केला की कानाशी धरायचा आणि हलवायचा. जरा जरी खुडबुड ऐकू आली तरी उघडा, पुन्हा भरा, मग पाळी संपो नाहीतर गाडी दारात उभी असो. नवीन पोरं हसायची माझ्या मागे. हसेनात का. घरी हे काम सुरू झालं तेव्हा बारकीने त्याचाही खेळ केला. मी खोका कानाशी धरला की मातीने भरलेले हात तसेच वर ठेवून विचारायची, "हेडसाहेब, काय म्हणतोय खोका?" मी म्हणायचो, "काही नाही म्हणत." "मग पास!" रोज हेच. दिवसातून पाच वेळा, सात वेळा, एकदाही कंटाळा आला नाही दोघांना. तसा हाही खोका मी कानाशी धरला होता, आठ दिवसांपूर्वी, याच टेबलाशी. हलवला होता. काही बोलला नव्हता. रिकामा खोका कशाला बोलेल?

पहिल्यांदा तिने कप पाठवले तेव्हा मला विचारलंसुद्धा नव्हतं. चार कप, त्यातले तीन फुटून पोचले. जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती, मांडीवर परत आलेला खोका. मी भाजी घेऊन वर येत होतो. खोका बघितला आणि म्हटलं, "कुणी बांधलाय हा? गाढवाने?" "मी," ती म्हणाली, आणि रडता रडता हसायलाच लागली. दुसऱ्या दिवशी मी एक फुटका कप बांधला, कमरेएवढ्या उंचीवरून खोका सहा बाजूंनी सहा वेळा पाडला, मग एकदा कोपऱ्यावर. ही धावत आली काय पडलं म्हणून. उघडून दाखवला. होता तेवढाच फुटका, त्याहून टवकाही उडाला नव्हता. "बाबा, तुम्ही इतकी वर्षं कुठे होतात?" बारकी म्हणाली. कारखान्यात होतो, कुठे असणार! सकाळी ती उठायच्या आत जायचो, येईपर्यंत ती झोपलेली. तिचं शाळेतलं एकही वर्ष मला धड आठवत नाही. पण ही सहा वर्षं आठवतात, एकेक खोका आठवतो म्हटलं तरी चालेल. ती चाकावर, मी टेबलावर, मध्ये रेडिओ. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "आधी ही भट्टी तर थंड होऊ दे." भट्टी कायम गरम. म्हणायला भट्टी, विजेवर चालणारं पिंपाएवढं यंत्र ते, मागच्या बाल्कनीत. थंड व्हायला दीड दिवस लागतो, आणि तोवर झाकण उघडायचं नाही, गार हवा लागली की तडे जातात. ती मात्र लहान मुलासारखी भट्टीभोवती घुटमळायची.

शेवटची भट्टी तिने लावली ती दुपारी, आणि संध्याकाळी तिला इस्पितळात न्यावं लागलं. जाताना मला म्हणाली, "झाकण उघडू नका हं, परवा मी येते." नवव्या दिवशी मी एकटा बाल्कनीत गेलो आणि झाकण उघडलं. भट्टी थंड झाली होती. आत सात कप होते, निळे, एकालाही तडा नव्हता. त्याला आता सात महिने झाले. सात महिन्यांत मी कुणालाही 'ती गेली' असं तोंडाने सांगितलेलं नाही. नातेवाइकांना हिने कळवलं. शेजाऱ्यांना दिसलंच. मी माणसांसमोर मान हलवायचो, तेवढ्यावर भागलं.

मांडणीवर तेव्हा एकशे चाळीस कप होते. मला वाटलं, आता हे दुकान बंद. हिने महिन्याभराने बारकीचा फोन हातात घेतला, मागण्या पाहिल्या आणि चिठ्ठ्या लिहायला बसली. हिरवा एक, पांढरे दोन, पत्ता अमुक. "तिने काय ठेवायला केलेत का?" म्हणाली, "लोकांनी वापरायला केलेत. मागणी आली की अडवायची नाही, असं तीच म्हणायची." सरळ आवाजात म्हणाली, डोळ्यांत टिपूस नाही. चिठ्ठी टेबलावर ठेवायची आणि कांदा चिरायला निघून जायची. काय सांगू, सहा महिने मी मनातल्या मनात हिच्यावर डूख धरून होतो. कसली बाई आहे, म्हणायचो. एकेक कप जातोय, मांडणीवर एकेक रिकामी गोल खूण उमटतेय धुळीत, आणि हिला काहीच नाही! कधी कधी रात्री जेवताना मुद्दाम म्हणायचो, "आज चार गेले." ही म्हणायची, "बरं. आमटी वाढू?" आणि आठ दिवसांपूर्वीची ती चिठ्ठी, 'निळा, एक. शेवटचा.' शेवटचा हा शब्द हिने खाली रेघ मारून लिहिला होता. तो त्या शेवटच्या भट्टीतला, सातातला सातवा. मी तो घेतला, पोट भरलं, मफलर बांधला, घरट्यात बसवला. इथवर मला लख्ख आठवतं. मग टेप संपली. आतल्या खोलीत नवीन रीळ आणायला गेलो, त्याचं टोक सापडेना, नखाने खरवडत कितीतरी वेळ उभा होतो. परत आलो तेव्हा स्वयंपाकघरात नळ सुरू होता. खोक्यात वरचा कागद घालून झाला होता. मला वाटलं, मीच घातला.

तिसरा फोटो अजून बघितला नव्हता. त्यात त्या बाईने बाहेर काढलेला सगळा कागद जमिनीवर मांडला होता, बिचारीने मला पटावं म्हणून. खालचे, बाजूचे, सगळे चुरगळलेले, माझे. आणि त्यांच्यात दोन कागद घडी घातलेले. काठाला काठ जुळवून, चौपदरी, साडीची घालावी तशी घडी. मी आयुष्यात कागदाची घडी घातलेली नाही. घडीच्या कागदाने धक्का शोषला जात नाही, खोक्यात त्याचा काडीचा उपयोग नसतो. आमच्या घरात वाण्याकडच्या पिशवीपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत कशाचीही घडी घालणारं माणूस एकच आहे. मी फोन पालथा ठेवला. स्वयंपाकघरात आता भांड्यांचा आवाज नव्हता.

लगेच उठून जाब विचारायला हवा होता, मी तसाच आहे, मला दम निघत नाही. पण उठता येईना. कारण एक गोष्ट होती, ती फक्त मला माहीत होती. कारखान्यात चोवीस बाटल्यांच्या खोक्यात तेवीस असल्या तर मला नुसता उचलल्यावर कळायचं. पैजा लागायच्या त्यावर, साहेब लोक पाहुण्यांना घेऊन यायचे बघायला. अशा माणसाला एक अख्खा कप खोक्यात नाही हे कळणार नाही? कळलं होतं. कानाशी धरायला उचलला त्याच क्षणी हाताला कळलं होतं. हलका आहे, हात म्हणाला. मी हलवला, बोलला नाही, टेप लावली, जीभ दुमडली, आणि कुरिअरवाला आल्यावर त्याच्या हातात दिला. त्या कपाला जायचं नव्हतं आणि मला त्याला पाठवायचं नव्हतं, म्हणून मी हाताचं ऐकलं नाही. त्या बाईला मात्र सकाळी काय काय ऐकवलं! लाज वाटली मला.

आणि हे असं मी दुसऱ्यांदा केलं होतं. मागच्या वर्षी, अजून सगळं ठीक होतं तेव्हा, निदान आम्हाला तसं वाटत होतं तेव्हा, बारकी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची मातीची पिशवी काढत होती. स्टूल डगमगलं. मी मागेच होतो, काखेत हात घालून तिला उचललं आणि खाली ठेवलं. हलकी लागली. नुसती बारीक नव्हे, हलकी. आतून काहीतरी काढून घेतल्यासारखी. "बाबा, मी काय बाटल्यांचा खोका आहे का, असं उचलायला?" ती हसली. "बरी आहेस ना ग?" मी विचारलं. "हो, मला काय धाड भरलीय?" म्हणाली आणि चाकावर जाऊन बसली. पास! मी पण हसलो. लहानपणापासून बारकीच ती, तिचं वजन कोण बघणार? पोटात दुखत होतं, जेवण जात नव्हतं, हे नंतर कळलं. मोठी मागणी होती, ती पुरी करून मग दाखवते डॉक्टरला, असं तिने मनाशी ठरवलेलं. डॉक्टर म्हणाले, चार महिने आधी आला असता तर. चार महिने आधी मी तिला या दोन हातांनी उचललं होतं हो. हिला मी हे कधी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

फोन पुन्हा वाजला, म्हणजे नुसता टिंग झाला. पालथा होता तो उलटा केला. त्या बाईचाच निरोप. 'काका, सकाळी तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा. होतं असं कधी कधी. कप बनवणाऱ्या ताईंना सांगा, सवडीने दुसरा करून द्या. माझ्याकडे त्यांचा एक आहे, त्याला जोडी हवी होती. मी थांबेन, घाई मुळीच नाही.' मी ते दोनदा वाचलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी थांबेन म्हणे! एक बाई कुठेतरी बसून बारकीची वाट बघणार, आज नाही उद्या कप येईल म्हणून. मी उठलो.

ही बारकीच्या खोलीत होती. कॉटवर बसलेली, पाय जमिनीला टेकवून, बसची वाट बघत बसावं तशी. हातात निळा कप. शेजारी मफलरचा कागद, घडी घालून ठेवलेला. प्रत्येक कपाच्या कानावर बारकी माती ओली असताना अंगठा दाबायची, पिणाऱ्याचा अंगठा तिथे टेकावा म्हणून. मी ते खळगे हजार वेळा पाहिलेत. माझा अंगठा त्यात कधी बसला नाही, जाड आहे. हिचा बसला होता. तंतोतंत, नखासकट. मायलेकींचे हात एकसारखे होते हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

"ओरडा," ती वर न बघता म्हणाली. "उगाच त्या बाईला बोललात. मीच काढला."

"माहीत आहे."

"केव्हा कळलं?"

मी तिच्या शेजारी बसलो. "बांधला तेव्हाच," म्हटलं. "हाताला कळलं होतं." आणि मग तोंड उघडलंच होतं तर थांबता येईना. स्टुलाचं सांगितलं. हलकी लागली ते सांगितलं. मला वाटलं, आता ही मला आयुष्यभर माफ करणार नाही, करूही नये. तिने कप मांडीवर ठेवला. म्हणाली, "तिचे पायजमे मी दोनदा आत घेतले होते. कमरेत सैल व्हायचे. मला वाटलं, इलॅस्टिक जुनं झालं असेल." आणि मग ही रडली. सात महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने, जिन्यात काय पार रस्त्यावर ऐकू गेलं असेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मलाही रडू आलं, पण मला रडता येत नाही नीट, खोकला येतो.

ती थांबल्यावर मी फोन लावला. तिच्यासमोरच लावला. "चूक आमची झाली," त्या बाईला म्हटलं, "सकाळी बोललो त्याची मला शरम वाटते. पण तुम्ही थांबू नका. ताई आता कप करत नाहीत." "का हो? बऱ्या आहेत ना?" तिने विचारलं. मी हिच्याकडे पाहिलं. "ती माझी मुलगी होती," मी म्हटलं. "ती गेली." म्हणून झालं.  तिकडून ती बाई म्हणाली, "काका, मग नका पाठवू. असेल तो तुमच्याकडेच राहू द्या. मला चालेल." मी हो म्हणणारच होतो. आतून बाहेरून, हाडामासातून मला हो म्हणायचं होतं. पण हिने मान हलवली. फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "नाही हो, पाठवतो. आजच पाठवतो. तुम्ही त्यात चहा घ्या."

"अगं राहू दे ना एक!" फोन ठेवल्यावर मी जवळजवळ ओरडलोच. "एवढा एकच आहे. ती बाई स्वतः म्हणतेय."

"आठ दिवस धरून बसलेय मी हा," ती म्हणाली. "तुम्ही झोपलात की, खाली गेलात की. कितीही धरला तरी गारच राहतो. चहा ओतायचा धीर होत नाही मला. इथे हा असाच गार राहणार." तिने कप माझ्या हातात दिला. "तिच्याकडे गरम तरी होईल."

मी टेबलाशी गेलो. खोका घेतला, पुठ्ठा दुहेरी लावला. पोट भरलं. मफलर हिने बांधला, मी म्हटलं तसा, घट्ट नको, दोन वेढे बास. कागद चुरगळायला तिला दिला तर घडीच घालायला लागली. चुरगळ ग, म्हटलं, राग काढ त्याच्यावर, तेव्हा कुठे जमलं. घरटं केलं, कान उजवीकडे. मी अंगठा एकदा त्या खळग्यावरून फिरवून घेतला आणि वरचा कागद घातला. टेप लावली, जीभ दुमडली. पत्ता हिने लिहिला. उचलला तेव्हा वजन बरोबर होतं, अगदी एका कपाचं.

कुरिअरवाला खाली आला होता, घंटा वाजली. मी खोका कानाशी धरला आणि हलवला. काही बोलला नाही. पुन्हा हलवला. जरा जोरात हलवला.

"झालं ना," ही म्हणाली, "पास झाला. द्या आता. माणूस खोळंबलाय."

"थांब ग," मी म्हटलं. "ऐकू दे जरा." आणि पुन्हा हलवला.